घरच्या नावाची हजेरी

बायको रंभा गेल्यावर तीन महिने काशीराम घरत तिच्या खोलीत गेला नाही. जेवण, टीव्ही, झोप सगळं हॉलमध्येच. त्याची मुलगी, नाव तिचं पूर्वी, खारघरहून आली की आत जाऊन झाडून-पुसून यायची आणि दार पुन्हा लोटायची. त्यावर दोघंही बोलत नसत.

ते दार उघडलं शैलेश तांडेलने.

शैलेश उरणकडचा कोळ्यांचा मुलगा. आता पस्तिशीचा झाला होता, द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनरची कागदपत्रं बघायचा. नऊ वर्षांपूर्वी पनवेलच्या एका वाचनालयात रंभाने इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात कसं लिहायचं ते शिकवायला चार रविवार वर्ग घेतला होता. पहिल्या रविवारी अकरा जण आले, चौथ्या रविवारी एकटा शैलेश उरला. तेव्हापासून तो तिला मावशी म्हणायचा आणि बहुतेक रविवारी घरी यायचा. दोघं डोकी जोडून बसायची, दुपारी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण व्हायचं, शैलेश मागून मागून खायचा. तिने शिकवलेला पोरगा पुढे त्या ज्ञानकोशाचा प्रचालक झाला. म्हणजे वाद तुटेनासा झाला की निकाल देणारे जे पाच-सहा लोक असतात त्यांतला एक. रंभा हे सगळ्या सोसायटीला सांगत फिरली होती.

काशीरामला त्या कामातलं काही कळत नसे. त्याची सगळी नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर गेली. गाडी काट्यावर चढली की आकडा येतो, तो आकडा खरा. आणि इकडे त्याची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली बाई, एका वाक्यावरून कोण कुठल्या माणसाशी आठ-आठ दिवस वाद घालत बसायची.

"कोण वाचतं गं हे?" तो विचारायचा.

"तुम्ही नाही वाचत, एवढं नक्की," ती म्हणायची.

तर शैलेश एका रविवारी आला, खोलीत गेला, धूळ बसलेला लॅपटॉप पुसून चालू केला आणि काशीरामला हाक मारली. "काका, मावशीचं सगळं इथे आहे. इतक्या वर्षांचं. तिचं खातं उघडंच आहे. काही दाबू नका, नुसतं वाचा. बरं वाटेल."

आणि खरंच बरं वाटलं. काशीराम रोज सकाळी चहा घेऊन तिथे बसायला लागला. रंभाने चारशेवर पानं लिहिली होती. खाडीतले मासे, मिठागरं, उरणची जुनी देवळं. पण तो वाचायचा एकच पान. त्याचं नाव बांधपाळी.

काशीरामचं गाव नांदखार. आता तिथे शेती नाही, जमीन प्रकल्पात गेली, लोक पांगले. पण पूर्वी गावाची सगळी भातशेती खाडीच्या पाण्याखालून काढलेली होती आणि मधे फक्त मातीचा एक बांध होता. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरायचं, आणि एकदा शिरलं की तीन वर्षं भात नाही. म्हणून गावाचा नियम होता, त्यालाच बांधपाळी म्हणत: बांध फुटला की घरटी एक माणूस आलाच पाहिजे. गावचा म्होरक्या कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून घरांची नावं घ्यायचा. म्हात्र्याचं घर? हाय. घरताचं घर? हाय. घरातलं कोण आलंय हे कोणी विचारत नसे. बाप तापात असला तर मुलगा, मुलगा नसला तर पुतण्या. हजेरी घराची असायची, माणसाची नाही.

हे सगळं रंभाने त्या पानावर लिहिलं होतं. आणि शेवटी एक परिच्छेद होता:

"ज्या घरी पुरुष नसेल त्या घराची हजेरी बाई देत असे. १९७६च्या भाद्रपदातल्या उधाणात बांध फुटला तेव्हा भामा घरत यांचा मुलगा पाय मोडून अंथरुणावर होता. भामाबाई त्याच्या जागी रांगेत उभ्या राहिल्या आणि ओहोटी लागेपर्यंत हलल्या नाहीत."

तो मुलगा म्हणजे काशीराम. एकोणीस वर्षांचा होता. बाप दोन वर्षांपूर्वी वारलेला. पाय लाकडाच्या पट्ट्यांत बांधून खाटेवर पडलेला असताना आईने पदर खोचला आणि एक शब्द न बोलता निघून गेली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. ती आली तेव्हा तिच्या हातापायांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. गावात ह्यावर ना कधी बोलणं झालं ना कौतुक. घराची हजेरी लागली, संपलं.

मागच्या जुलैमध्ये, आजारपण कळल्यावर दोन महिन्यांनी, रंभाने त्याला पलंगाशेजारी बोलावलं होतं आणि लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला होता. तो परिच्छेद वाचून काशीराम लहान पोरासारखा रडला. ती हसली. म्हणाली, "आता तुमची आई कुठे जात नाही." पुढे फेब्रुवारीत ती स्वतःच गेली.

म्हणून तो रोज ते पान वाचायचा. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी त्या परिच्छेदावर पिवळी पट्टी दिसली: ह्या मजकुराला संदर्भ नाही. संदर्भ न मिळाल्यास सात दिवसांनी काढण्यात येईल.

त्याने शैलेशला फोन लावला. "हे कोणी केलं?"

"अनुया म्हणून एक आहे, काका. साताऱ्याची. चांगली संपादक आहे. तिला एका जुन्या सरकारी अहवालात 'दर घरामागे एक पुरुष' असं सापडलंय. ती म्हणते, बाईचं कुठे छापलेलं असेल तर दाखवा."

"छापलेलं कशाला? माझी आई होती ती."

"ते इथे चालत नाही ना, काका. आपण सांगतो म्हणून नाही, कुठे तरी प्रसिद्ध झालेलं पाहिजे. प्रत्येक पानाच्या मागे चर्चेचं पान असतं. तिथे दोन्ही बाजू मांडतात, वाद चालू असेपर्यंत कोणी काही काढत नाही. हात मोजत नाहीत, मुद्दे बघतात. नाहीच जमलं तर बाहेरचा एक प्रचालक निकाल देतो."

"मग तू दे की निकाल."

"मी नाही देऊ शकत. मावशी माझी होती. मी ह्यात पडायचं नाही, असा नियम आहे." आणि मग घाईने म्हणाला, "काका, मनाला लावून घेऊ नका. एक परिच्छेद आहे."

काशीरामने फोन ठेवला. एक परिच्छेद आहे! रंभाने लिहिलेलं शेवटचं वाक्य ते, आणि त्याच्या आईचं नाव दुनियेत तेवढ्याच एका ठिकाणी लिहिलेलं. तो परिच्छेद गेला असता तर त्या अहवालातला "पुरुष" तिथे येऊन बसला असता आणि भामा कधी बांधावर गेलीच नव्हती असं झालं असतं.

दुपारी तो रिक्षाने ओवे गावात गेला. तिथे त्याचा चुलतभाऊ दाजी मुलाकडे राहतो. दाजी ऐंशीला टेकलेला, कान जरा जड, पण बांधावर त्या वेळी होता.

"दाजी, तुजी भामाकाकी बांदाव उभी व्हती, ही गोष्ट कुठं लिवलेली हाय काय?"

"लिवायची कशाला? मी बगितली ना."

"त्यांना कागद पायजे."

"कोनाला?"

"साताऱ्याच्या एका बाईला."

दाजीने तोंडातलं पान थुंकलं. "साताऱ्यात खाडी हाय?"

"नाय."

"मग तिला काय कळलं बांदाचं? मी जिता हाय इथं, आन मेलेला कागूद मागतंय! हजेरीची वही व्हती म्होरक्याकडं. वाळवीनं खाल्ली. जा, वाळवीला इचार." मग हसून हसून त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "अरे काशा, तुज्या घरचं काम हाय. घरातनं उत्तर दे की. रंभा गेली, तू हाय ना?"

परत येताना काशीरामच्या डोक्यात तेच घोळत होतं. घरातनं उत्तर. लॅपटॉप रंभाचा, खातं रंभाचं, लिहिलेलं रंभाचं, आणि ते नाव म्हणजे घराचंच नाव. म्होरक्याने हाक मारलीय, घरातलं माणूस नाही, तर उरलेल्याने "हाय" म्हणायचं. त्याची आई त्याच्या नावाने पाण्यात उतरली होती. आता त्याची पाळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चर्चेच्या पानावर एका बोटाने लिहिलं: "हे खरे आहे. मी ह्या घरची आहे. काढू नये." आणि बटण दाबलं. खाली आपोआप सही उमटली: रंभा घरत.

तासाभरात उत्तर आलं. "घरतबाई! तुम्ही परत आलात! किती बरं वाटलं. तब्येत कशी आहे आता? वाद नंतर घालू. — अनुया."

काशीराम त्या ओळीकडे बघत राहिला. पाच महिन्यांत रंभाची तब्येत कोणी विचारली नव्हती. कशी विचारतील? ज्ञानकोशात मात्र ती गेल्याचं कोणी कळवलंच नव्हतं. त्याने लिहिलं, "आता बरी आहे."

लिहिताना त्याला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. उलट घरात कोणीतरी वावरतंय असं वाटलं.

मग वाद सुरू झाला. अनुया लिहायची, "बाई, तुम्हीच मला शिकवलंत की घरची आठवण हा संदर्भ होत नाही." तो लिहायचा, "घरची आठवण नाही, गावाची आहे." ती लिहायची, "मग गावावर लिहिलेलं एखादं पुस्तक, स्मरणिका, वर्तमानपत्राचं कात्रण?" तो लिहायचा, "आमच्या गावावर कोणी पुस्तक लिहीत नाही. म्हणून तर हे लिहिले." ह्या वाक्यावर सोलापूरच्या एका संपादकाने "मुद्दा विचार करण्यासारखा आहे" असं लिहिलं, तेव्हा काशीरामने एकट्यानेच मांडीवर थाप मारली. सहा दिवसांत त्याने सात मतं लिहिली. अनुया दर वेळी "काळजी घ्या" म्हणायची, तो दर वेळी "हो" म्हणायचा. सकाळी उठून खोलीत जायची त्याला घाई व्हायला लागली.

रविवारी शैलेश आला. काशीरामने बाजारातून कोलंबी आणली होती, कालवण स्वतः केलं होतं. रंभाच्या हातची चव नव्हती, पण शैलेशने दोनदा वाढून घेतलं. जेवता जेवता काशीरामला राहवेना.

"तुझी ती अनुया जरा नरमली बरं का. आणि सोलापूरवाला आपल्या बाजूने आहे."

शैलेशचा घास हातात राहिला. "आपल्या म्हणजे?"

"मी लिहितोय ना. रंभाच्या खात्यातून. वाचलं नाहीस?"

"वाचलं," शैलेश म्हणाला. भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला फिरवत राहिला. "मला वाटलं, पूर्वीताई असेल."

"मीच. एका बोटाने. मुद्दे बरोबर आहेत ना?"

"काका, कालवण छान झालंय," एवढं म्हणून शैलेश उठला. हात धुतले. चहाला थांबला नाही, गोदामात काम निघालंय म्हणाला. रविवारी.

सोमवारी सकाळी काशीरामने चहा ठेवला, लॅपटॉप उघडला आणि लिहायला गेला तर पानाने लिहू दिलं नाही. वर लाल चौकट: हे खाते कायमचे बंद करण्यात आले आहे.

ज्ञानकोशात सगळ्यांनी जमायचं एक पान असतं, त्याला चावडी म्हणतात. चौकटीतून तिकडे जायची वाट होती. तिथे सगळ्यात वर लिहिलं होतं: "सदस्य रंभा घरत यांचे फेब्रुवारीत निधन झाले आहे. त्यांचे खाते सध्या त्यांचे पती वापरत असून बांधपाळीच्या चर्चेतील सात मते त्यांनी लिहिलेली आहेत. खाते बंद करून ही मते बाद धरावीत. — शैलेश तांडेल."

खाली लोकांनी लिहिलं होतं. कोणी श्रद्धांजली वाहिली होती. कोणी "धक्कादायक" म्हटलं होतं. एकाने लिहिलं होतं, "मृत व्यक्तीच्या नावाने मतदान! आता हेच बघायचं राहिलं होतं." आणि अनुयाने एकच ओळ: "मी त्यांना रोज तब्येत विचारत होते."

काशीरामने ती ओळ दोनदा वाचली. चहा उतू गेला, त्याला वास आला, तरी तो उठला नाही.

फोन त्याने केला नाही. शैलेशच संध्याकाळी चारच्या सुमाराला आला, कामावरून लवकर सुटून. दारातच उभा राहिला.

"काका, मी फोन करणार होतो."

"कधी? माझ्या तेराव्याला?"

"आत येऊ का?"

"तुला कधी विचारावं लागलंय?"

शैलेश आत आला, पण बसला नाही. "तुम्ही 'आता बरी आहे' लिहिलंत, काका. अनुयाने मला मेसेज केला, घरतबाई बऱ्या झाल्या, मी साताऱ्याहून भेटायला येऊ का म्हणून. मी काय सांगू तिला?"

"मला सांगायचं होतंस. काल समोर बसला होतास. दोनदा कालवण घेतलंस. तेव्हा तोंड होतं ना?"

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता?"

"नसतो थांबलो."

"मग?"

"मग भांडायचं माझ्याशी. ह्या घरात. मीठ खाल्लंयस तू ह्या घरचं नऊ वर्षं, आणि चावडीवर जाऊन माझ्या बायकोचं मरण वाचून दाखवलंस. मला चोर केलंस. केसाने गळा कापलास, शैलेश."

"खातं एका माणसाचं असतं, काका. घराचं नसतं. मी प्रचालक आहे, कळल्यावर गप्प बसता येत नाही. मावशीने माझ्या जागी हेच केलं असतं."

"तिचं नाव घेऊ नकोस."

"घ्यावं लागणार," शैलेश म्हणाला. खिशातून मोबाईल काढला, काही शोधलं आणि काशीरामच्या हातात दिला. "माझ्या स्वतःच्या चर्चापानावर आहे, जिथे लोक मला निरोप लिहितात. मागच्या जुलैतलं."

काशीरामने चष्मा लावला.

"शैलेश, बांधपाळीच्या पानावर शेवटचा परिच्छेद मी घातला आहे. त्याला संदर्भ नाही, मला माहीत आहे. ह्यांना दाखवायचा होता, दाखवला. फार बरं वाटलं त्यांना. मी उठले तर संदर्भ शोधीन. नाही उठले तर थोडे दिवस जाऊ देत आणि काढून टाक. दुसऱ्यांच्या पानांवरची अशी किती वाक्यं मी काढली आहेत. माझ्या घरचं आहे म्हणून ठेवता येणार नाही. ह्यांना सांगू नकोस. — रंभा घरत."

खाली तारीख होती. ज्या दिवशी तो पलंगाशेजारी रडला होता त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

काशीराम खुर्चीत बसला. "हे कोणाला दिसतं?"

"सगळ्यांना. चर्चापानं उघडीच असतात."

"म्हणजे जगाला दिसतं. फक्त मला नाही."

काशीरामने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तिला ते खोटं वाटत होतं का? आईचं?"

"नाही हो, काका. खरंच वाटत होतं. पण खरं असणं आणि दाखवता येणं ह्यात—"

"पुरे. नियम नको सांगूस." काशीरामने मोबाईल परत दिला. काट्यावर बसलेला असताना बोलायचा तसा हळू, सरळ बोलायला लागला. "तिने काढ म्हटलं होतं. तू काढलं नाहीस."

"मला काढवलं नाही. रोज वाटायचं, आज काढू. तुम्ही ते वाचता हे माहीत होतं."

"बरं. मग मला सांगायचं होतंस, काशीरामकाका, हे जाणार आहे, तिचीच इच्छा आहे. ते सांगितलं नाहीस. उलट म्हणालास, मी ह्यात पडायचं नाही असा नियम आहे."

"तिने सांगू नको म्हटलं होतं."

"तिने काढ म्हटलं ते ऐकलं नाहीस, सांगू नको म्हटलं ते ऐकलंस. सोयीचं तेवढं ऐकलंस. मी सहा दिवस तिच्याच नावाने तिच्याविरुद्ध भांडत बसलो, आणि तू वाचत होतास."

"पूर्वीताई असेल असं वाटलं, खरंच."

"पूर्वी 'मी ह्या घरची आहे, काढू नये' असं लिहील? एम. कॉम. झालेली?"

शैलेशने मान खाली घातली. त्याला कळलं होतं. पहिल्याच ओळीला कळलं असणार. काशीरामने त्याला जा म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही. थोड्या वेळाने शैलेश स्वतःच गेला.

त्या संध्याकाळी काशीरामला शैलेशपेक्षा रंभाचा राग जास्त आला. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्यापासून काही लपवलं नव्हतं, असं तो समजून होता. तिने त्याच्या हातात खेळणं द्यावं तसा तो परिच्छेद दिला आणि दुसऱ्याच दिवशी मागच्या दाराने परत मागवला. तो रडत होता तेव्हा ती हसली होती. ते हसू आता त्याला वेगळं दिसायला लागलं. तुम्ही नाही वाचत, एवढं नक्की. तो वाचणार नाही, ह्या भरवशावरच तिने ते उघड्यावर लिहून ठेवलं होतं.

पण राग राग करून मन शिणलं तेव्हा एक गोष्ट उरली. चर्चेच्या पानावर सात वेळा "काढू नये" लिहिलेलं होतं आणि खाली सातही वेळा रंभाची सही होती. बाद धरलेली असली तरी दिसत होती. जी बाई स्वतःच्या घरचं वाक्यही ठेवायला तयार नव्हती, तिच्या तोंडात त्याने ते शब्द घातले होते. उद्या कोणी वाचेल आणि म्हणेल, घरतबाईसुद्धा शेवटी घरच्यासाठी भांडल्या.

बुधवारी पूर्वी आली तेव्हा तो म्हणाला, "मला त्या ज्ञानकोशात खातं उघडून दे. माझं स्वतःचं."

"बाबा, आता कशाला? झालं ना एवढं?"

"उघड."

पूर्वीने लॅपटॉप पुढे ओढला. "नाव काय देऊ?"

"काशीराम भामा घरत."

"मधे आजोबांचं नाव असतं, बाबा."

"आजोबा नव्हते तिथे."

पूर्वीने त्याच्याकडे पाहिलं आणि तसंच टाइप केलं. मग ती उठून बाजूला झाली, कारण त्याला स्वतः लिहायचं होतं. त्याला चाळीस मिनिटं लागली.

"मी काशीराम. रंभा घरत यांचा नवरा. वरची सात मते माझी आहेत. रंभाची नाहीत. त्यांच्यावरची तिची सही खोडावी. ती असती तर तिने हा परिच्छेद काढा म्हटले असते, तसे तिने लिहूनही ठेवले आहे. मला ते माहीत नव्हते. आमच्या गावात घराच्या नावाने कोणीही उभे राहत असे, म्हणून मी राहिलो. इथे तसे नसते हे मला कळले. अनुयाताई, तुम्ही तब्येत विचारलीत आणि मी खोटे सांगितले, त्याबद्दल माफी मागतो. परिच्छेद काढा असे मी म्हणणार नाही. ठेवा असेही म्हणणार नाही. माझ्या आईला जाताना मी पाहिले आहे. माझ्याकडे कागद नाही."

निकाल शुक्रवारी लागला. तो दिला अमरावतीच्या एका प्रचालकाने, ज्याला ह्या भानगडीतलं कोणीच ओळखत नव्हतं. परिच्छेद काढला. सातही सह्यांवर आडवी रेघ मारली आणि बाजूला काशीरामचं नाव घातलं. अहवालातलं वाक्य घालायचं ठरलं, पण त्यावर अनुयानेच हरकत घेतली होती. तिने लिहिलं होतं की अहवाल लिहिणारा साहेब बांधावर उभा होता की नव्हता हे आपल्याला माहीत नाही, तेव्हा "घरटी एक पुरुष येत असे" असं ज्ञानकोशाने स्वतःच्या तोंडाने म्हणू नये. म्हणून आता वाक्य असं झालं: "दर घरामागे एक पुरुष येत असे, असे एका जुन्या अहवालात म्हटले आहे."

काशीरामने ते वाक्य बराच वेळ वाचलं. त्याला फरक कळला. ज्ञानकोश म्हणत नव्हता, अहवाल म्हणत होता. तेवढ्या फटीत त्याची आई मावत नव्हती, पण तिला खोटंही पाडलेलं नव्हतं. ज्या बाईला खाडी माहीत नाही तिने एवढं केलं. ज्याला सगळं माहीत होतं त्याने काय केलं, हे आठवून त्याने लॅपटॉप मिटला.

दुपारी फोन वाजला, मग मेसेज आला. "काका, तुम्ही लिहिलेलं वाचलं. मावशीला अभिमान वाटला असता. माझं चुकलं, मान्य आहे. रविवारी येऊ का? कोलंबी मी आणतो. — शैलेश."

काशीरामने मेसेज वाचला. शैलेशने नियमाप्रमाणे केलं होतं, हे त्याला आता कळत होतं. पोरगा वाईट नव्हता, हेही कळत होतं. पण समोर बसून तो दोनदा वाढून घेत होता आणि मनात ते सगळं धरून होता, ते ताट काशीरामच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

त्याने एका बोटाने "नको" लिहिलं आणि पाठवलं.

रंभावरही तो तितकाच रागावला होता. पण तिला नको म्हणायची सोय नव्हती.